माझं सत्त्याऐंशीवं पान

मी एक पुस्तिका. माझं पूर्ण नाव एका दमात वाचून होत नाही: ‘बालकल्याण क्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण व माहिती पुस्तिका’. ऑफिसातल्या माणसांना एवढा वेळ कुठला? त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला ‘निळी’ करून टाकलं. “निळी कुणाकडे आहे?” “निळीत बघा, सापडेल.” माझं वेष्टन निळं होतं, एवढंच त्याचं कारण. आता ते निळं आहे असं फक्त ज्यांना आधीपासून माहीत आहे तेच म्हणतात.

मला लिहिलं मोठ्या मॅडमनी. या कामात त्यांची तीस वर्षं गेली होती. घरात मार खाणारी मुलं, हरवलेली, सोडून दिलेली, आईबाप आजारी पडल्यामुळे उघड्यावर आलेली, अशी किती मुलं त्यांच्या हाताखालून गेली त्याला गणती नाही. त्या म्हणायच्या, “नवीन माणूस कामावर येतो तेव्हा त्याला सांगायला कुणी नसतं. तो ठेचा खात शिकतो. आणि त्याच्या ठेचा लागतात मुलांना.” निवृत्तीला दोन वर्षं राहिली, तेव्हा त्यांनी मला लिहायला घेतलं. ऑफिस सुटलं की तासभर बसायचं आणि जुन्या अर्जांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं. अक्षर असं की टायपिस्टबाई रोज कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी यायच्या.

“मॅडम, इथे ‘मूल’ आहे की ‘मूळ’?”

“अर्थ दोन्हीनं लागतोय. पण मूल लिहा.”

अशी मी दोनशे बारा पानांची झाले. दार कसं वाजवावं, घरात गेल्यावर कुठे बसावं, मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कसं यावं, डॉक्टरांना काय विचारावं, न्यायाधीशांपुढे कोणते कागद ठेवावेत, सगळं माझ्यात होतं. शेवटी आठ पानं नुसते फोन नंबर. प्रेसमधून मी आले तेव्हा माझी पानं एकमेकांना चिकटलेली होती आणि मला वाटत होतं, जगात विचारण्यासारखं आहे ते सगळं माझ्यात आहे.

त्यातलंच एक सत्त्याऐंशीवं पान. ‘मुलाला घरातून हलवताना’. त्यावर असं लिहिलं होतं: ‘हलवण्याविषयी मुलाला आधी काही सांगू नये. रडारड झाल्यास मूल व पालक दोघांनाही त्रास होतो. घरी कधी जायचे, असे मुलाने विचारल्यास “संध्याकाळी” किंवा “लवकरच” असे समाधानकारक उत्तर देऊन त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे.’

टायपिस्टबाईंची एकही चूक झाली नव्हती असं ते पान. मला त्याचा अभिमान होता.

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्हा चाळीस बहिणींचं वाटप झालं. मी जिच्या हाती आले ती कामावर लागून तीनच आठवडे झाले होते. सगळे तिला ‘नवी’ म्हणायचे. पुढे ऑफिसात तिच्यामागून वीस जण आले, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी ती नवीच राहिली. या कामात येण्याआधी ती ग्रंथालयात होती. त्यामुळे घरी नेल्या नेल्या तिनं मला प्लास्टिकचं कव्हर घातलं, माझ्या पानांचे कान दुमडू नयेत म्हणून कागदी खुणा कापून ठेवल्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्यावर फोन नंबर लिहायला निघाला, तर तिनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. पुस्तकावर लिहिणारा माणूस तिच्या लेखी दात न घासणाऱ्यासारखा होता. मी खूश होते. अशी मालकीण किती जणींना मिळते?

चौथ्या महिन्यात एका शाळेतून फोन आला. तिसरीतली एक मुलगी रोज आपल्या चार वर्षांच्या भावाला वर्गात घेऊन येते आणि तो बाकाखाली झोपतो, असं तिच्या बाई सांगत होत्या. मुलगी नऊ वर्षांची. भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून वर्गातली मुलंही ताईच म्हणायची. भावाला सगळे बारक्या म्हणत.

नवी त्यांच्या घरी गेली. मी तिच्या पिशवीत होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत त्यांची आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. त्यांचे वडील आठ महिन्यांपूर्वी कामावर अपघातात गेले होते. त्यानंतर ती आधी थोडी कमी उठायची, मग फक्त संध्याकाळी उठायची, आणि आता उठतच नव्हती. स्टूलवर उभं राहून ताईच दूध तापवायची. बारक्याच्या दंडावर भाजल्याची जखम होती आणि तिच्यावर वहीचा कागद दोऱ्यानं बांधलेला होता.

“आई दमलीय,” ताई म्हणाली. “झोपू दे तिला. मी करते सगळं.”

डॉक्टर आले, तपासून गेले. आईला दवाखान्यात ठेवणं भाग होतं, आणि किती दिवस ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वडिलांचे एक भाऊ होते, ते दूर देशात; त्यांनी फोन उचलला नाही. मग न्यायाधीशांचा आदेश आला: दोन्ही मुलांना बालगृहात न्यावं.

त्या दिवशी ऑफिसची गाडी शाळेबाहेर थांबली होती. गाडीचे ड्रायव्हर, ज्यांना ऑफिसात सगळे काका म्हणत, खिडकीबाहेर बघत बसले होते. नवीनं मला मांडीवर उघडलं आणि सत्त्याऐंशीवं पान दोनदा वाचलं. मी तिच्या उपयोगी पडतेय या आनंदात होते, हे मला आजही लपवावंसं वाटतं. पण सांगायचं तर सगळं सांगितलं पाहिजे.

मुलं गाडीत बसली. थोडं अंतर गेल्यावर ताईनं विचारलं, “आपण कुठे चाललोय?”

“एका घरी. तिथे खूप मुलं आहेत, खेळायला मोठं अंगण आहे.”

“आणि आईकडे कधी जायचं?”

नवीचं बोट माझ्या पानात होतं. ती म्हणाली, “संध्याकाळी.”

ताईचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती बारक्याकडे वळून म्हणाली, “संध्याकाळी जायचंय हं. तोवर खेळून घे.” आरशातून काकांनी एकदा मागे पाहिलं आणि परत रस्त्याकडे बघायला लागले.

पान अगदी बरोबर निघालं होतं. कुणी रडलं नाही, कुणाला त्रास झाला नाही. नवीनं परत येताना मला छातीशी धरलं होतं.

आठवड्यानं बालगृहातल्या मावशींचा फोन आला. या मावशी म्हणजे तिथल्या मुलांचं सगळं बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, “तुमची मुलगी बूट काढत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काढतच नाही. भावाचेही काढू देत नाही. जेवायला बुटात, झोपायला बुटात. संध्याकाळ झाली की फाटकाजवळच्या बाकावर त्याला घेऊन बसते. मी विचारलं तर म्हणते, संध्याकाळी जायचंय.”

नवी दुसऱ्या दिवशी धावत गेली. ताई बाकावरच होती. नवीला पाहून तिनं पाठ फिरवली. ती ओरडली नाही, भांडली नाही. मावशींना एवढंच म्हणाली, “त्या बाईंना सांगा, बारक्याला काही सांगू नका. त्याला काय सांगायचं ते मी सांगीन.”

त्यानंतर तिनं तोंडच मिटलं. मावशींशी कामापुरतं, भावाशी कुजबुज, आणि ऑफिसातून, दवाखान्यातून किंवा न्यायालयातून येणाऱ्या कुठल्याही मोठ्या माणसाशी एक अक्षर नाही. तीन महिने असे गेले. तिकडे आई हळूहळू बरी होऊ लागली होती, मुलं कशी आहेत म्हणून विचारत होती. पुढे काय करायचं ते ठरवायला न्यायाधीशांना मुलीचं म्हणणं हवं होतं: घरी काय व्हायचं, तिला कशाची भीती वाटते, तिला कुठे राहायचंय. मुलगी बोलत नसेल तर तिच्यासाठी दुसरं कुणीतरी ठरवणार, आणि भाऊ लहान आहे म्हणून त्याला वेगळ्या कुटुंबात द्यावं असा एक विचार पुढे यायला लागला होता. ताईला याची कल्पनाही नव्हती. तिला सांगणार कोण? ज्यांनी सांगायचं त्यांच्यावर तिचा विश्वास उडाला होता, आणि तो उडवला होता मी.

नवी साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पुस्तिकेत आहे तसंच केलंस ना? मग तुझ्यावर काही येत नाही.”

“माझ्यावर काय येतं ते मी विचारलंच नव्हतं, सर,” नवी म्हणाली आणि बाहेर आली.

आपल्या टेबलाशी बसून तिनं मला उघडलं. सत्त्याऐंशीवं पान समोर घेतलं. मग पेनाचं टोपण काढलं. जिनं माझ्यावर पेन्सिलीची रेघ पडू दिली नव्हती, तिनं माझ्या समासात दाबून लिहिलं: ‘मी हे केलं. तुम्ही करू नका.’ खाली तारीख घातली. पेनाचा दाब अठ्ठ्याऐंशीव्या पानापलीकडेही उमटला. मला लागलं. पण त्या दिवसापासून मी कामाची झाले, हे कळायला मला फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बालगृहात गेली. बाकाच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला नवी, आणि मधे मी, उघडी.

“हे आमचं पुस्तक,” नवी म्हणाली. “यात असं लिहिलंय. मी हे वाचून तुला संध्याकाळी म्हणाले. मला माहीत होतं की संध्याकाळी जायचं नाहीये. ते खोटं होतं. पुस्तकात लिहिलेलं असलं तरी बोलले मी.”

ताईनं मान वळवली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. समासातलंही वाचलं.

“हे कुणी लिहिलंय?”

“बाजूचं मी. छापलेलं आमच्या मोठ्या मॅडमनी.”

“त्यांना लहानपणी कुणी असं नेलं होतं का?”

“नसावं.”

“मग त्यांना कसं माहीत?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या दोनशे बारा पानांत नव्हतं. ताईनंच पुढे विचारलं, “आई कधी येणार?”

“माहीत नाही. डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाहीये. दर गुरुवारी मी त्यांना जाऊन विचारीन आणि ते जे सांगतील ते इथे येऊन तुला सांगीन. वाईट असलं तरी सांगीन.”

“किती वाजता?”

“चार.”

“आणि नाही आलात तर?”

“दुपारी दोनच्या आत मावशींना फोन करीन, की आज येत नाही म्हणून.”

ताईनं मान हलवली नाही, हो म्हटलं नाही. पण पाठही फिरवली नाही.

पहिल्या गुरुवारी नवी पावणेचारला फाटकाबाहेर येऊन चार वाजायची वाट बघत उभी राहिली. दुसऱ्या गुरुवारी तिला ताप होता. दीड वाजता तिनं फोन केला. तिसऱ्या गुरुवारी मावशींनी सांगितलं की रात्री दोघांचे बूट खाटेखाली होते. पाचव्या गुरुवारी बातमी वाईट होती. आईची तब्येत पुन्हा खालावली होती आणि तिनं कुणालाही भेटायला नको म्हटलं होतं. बाहेर गाडीत काका म्हणाले, “आज नका सांगू पोरीला, पुढच्या खेपेला सांगा.” नवीनं नाही म्हटलं आणि आत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. ताई खूप रडली. रडता रडता तिनं नवीच्या बाहीला नाक पुसलं, आणि मग त्याच बाहीला टेकून बसली.

मला त्या दिवशी कळलं की रडारड टाळण्यासाठी जे पान लिहिलं होतं, त्या पानानं तिचं रडणं साडेचार महिने अडवून धरलं होतं.

त्यानंतर ती न्यायाधीशांशी बोलली. मी तिथेही होते, पिशवीत. ती म्हणाली, “मला बारक्याबरोबर राहायचंय. आई बरी झाली की तिच्याकडे. पण स्वयंपाक मी नाही करणार, मला भीती वाटते.” न्यायाधीशांनी ते शब्द तसेच लिहून घेतले. भावंडांना वेगळं करायचा विषय तिथेच मिटला. पुढे आई सावरली, आधी भेटायला यायला लागली, मग तासभर बाहेर न्यायला लागली. अकरा महिन्यांनी मुलं घरी गेली. दिवसाआड एक नर्स येऊन जाईल आणि दुपारचा डबा बाहेरून येईल, अशी सोय झाली. जायचा दिवस नवीनं पंधरा दिवस आधी सांगितला होता, सोमवार, सकाळी दहा. काका नऊलाच गाडी घेऊन फाटकात हजर. “रस्त्यात काही झालं तर?” एवढंच म्हणाले.

ही झाली माझी खरी कमाई. बाकी दिवस इतरांसारखेच गेले. समासात लिहिलेलं आहे म्हटल्यावर दुसऱ्यांनाही धीर आला. माझ्या समासात आता सात जणांची अक्षरं आहेत. कुणी लिहिलंय, ‘या फोनवर कुणी उचलत नाही, सरळ जा.’ कुणी लिहिलंय, ‘मुलाला भूक लागलीय का ते आधी विचारा.’ प्लास्टिकचं कव्हर फाटल्यावर साहेबांनी माझ्यावर कॉफीचा कप ठेवला, त्याचं वर्तुळ बारा नंबरच्या पानापर्यंत उतरलंय. मग सगळी माहिती कॉम्प्युटरवर आली आणि मी दोन वर्षं प्रिंटरच्या एका पायाखाली गेले. तिथे फार कंप सुटायचा. तरी तक्रार नाही. नवीनं मला ओळखून बाहेर काढलं, धूळ पुसली आणि स्वतःच्या खणात ठेवलं.

चौदा वर्षांनी माझी नवीन आवृत्ती काढायचं ठरलं. पाच जणांची समिती नेमली. नवीनं हट्ट धरला की जिला कधी काळी आपण घरातून हलवलं अशी एक व्यक्ती समितीत हवी. साहेब बदलले होते. नवे साहेब बरं म्हणाले. अशी ताई आली. तेवीस वर्षांची, शहर बसची ड्रायव्हर, कामाच्या गणवेशातच. आणि मोठ्या मॅडमनाही बोलावलं होतं. त्या पंचाहत्तरीच्या पुढे, हातात काठी, डोळ्यांना कमी दिसायचं.

नवीनं मला टेबलावर ठेवून सत्त्याऐंशीवं पान वाचून दाखवलं. छापलेलं आणि समासातलंही. जिनं ते लिहिलं ती समोर होती आणि जिनं ते सोसलं तीही.

“हे मी लिहिलंय,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

“माहीत आहे,” ताई म्हणाली.

मॅडमनी काठी दोन्ही हातांत धरली. “सुरुवातीच्या दिवसांत एका मुलाला मी गाडीत खरं सांगितलं होतं. चालत्या गाडीचं दार उघडून त्यानं उडी मारली. पाय मोडला त्याचा. कायमचा लंगडा झाला. त्यानंतर मी कुणालाच आधी सांगितलं नाही. वाटलं, मी शिकले. तेच लिहिलं.”

इतकी वर्षं माझ्या अंगावर ते पान होतं, पण त्याच्यामागचा मुलगा मला आज पहिल्यांदा भेटत होता.

ताई म्हणाली, “दाराला लॉक लावा, मॅडम. पण खरं सांगा.”

मॅडमनी मान तिच्याकडे वळवली. त्यांनी विचारलं, “तुला काय सांगायला हवं होतं तेव्हा?”

“आज जायचं नाहीये. कधी जायचं ते आम्हालाही माहीत नाही. आणि मी तुला भेटायला अमुक दिवशी, अमुक वाजता येईन. एवढंच.”

मॅडमनी हात पुढे करून पेन मागितलं. चाचपडत माझं पान शोधलं आणि त्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली, वाकडी पण ठसठशीत. मग पेन ताईच्या हातात दिलं. “तू लिही इथे. तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं असेल.”

ताईनं तीन वाक्यं लिहिली. नवीन आवृत्तीत ती तशीच छापली आहेत. एक शब्द बदलला नाही, एक स्वल्पविराम तेवढा घातला.

बैठक संपल्यावर मोठ्या मॅडमनी मला मागून घेतलं. मला द्यायची नवीची इच्छा नव्हती, ते तिच्या हातांना कळत होतं. तरी तिनं मला दिलं.

आता मी मॅडमच्या घरी, खिडकीशेजारच्या टेबलावर असते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून रोज सकाळी त्यांच्या सूनबाई मला पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखवतात. सूनबाईंनी आधी विचारलं होतं, “आई, नवीन पुस्तक तर छापून झालंय. आता जुनं वाचून काय करायचं?” मॅडम म्हणाल्या, “एक चूक मला चौदा वर्षांनी कळली. बाकीच्या शोधायला नकोत?” गेल्या आठवड्यात एकोणीस नंबरच्या पानावर त्यांनी सूनबाईंना थांबवलं. तिथे लिहिलं होतं, ‘मुलाला विचारावे, की तू आधी कुणाला का सांगितले नाहीस?’ मॅडम स्वतःशीच म्हणाल्या, “असं विचारलं तर त्याला वाटेल, चूक त्याचीच होती. खोडा.” सूनबाईंनी खोडलं. मग मॅडमनी ताईला फोन लावायला सांगितलं, बरोबर आहे का ते विचारायला. ताई कामावर होती. दुपारी तिनं उलट फोन केला आणि दोघी अर्धा तास बोलत बसल्या.

माझे दिवस आता थोडे आहेत. माझ्या बांधणीची तार सैल झालीय, शेवटची फोन नंबरांची पानं गळून पडली आहेत. त्यातले निम्मे नंबर तसेही बंद आहेत. मला कशाचं दुःख नाही. ज्यांनी मला लिहिलं, जपलं आणि मग माझ्यावर रेघ ओढली, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. रेघ ओढणारे नसते, तर मी आजही कोरी करकरीत, नीटनेटकी आणि चुकीची राहिले असते.

तुम्ही मुलांसाठी काम करत असाल आणि माझ्यासारखं एखादं पुस्तक तुमच्या टेबलावर असेल, तर एवढंच मागते: ते वाचा, आणि ज्या मुलासाठी ते वाचलंत त्याला नंतर विचारा, की कसं झालं. तो सांगेल ते समासात लिहा. जागा ठेवलेली असते.

सूनबाईंनी चष्मा पुसून घातला आहे. मॅडम कानामागे हात धरून बसल्या आहेत. आज पान एकवीसपासून.